ओकीकाकांचा जास्तीचा ठेका

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या शनिवारच्या नाच मंडळाचे प्रमुख श्री. ग्रोव्हर लॉकार्ड, व्यासपीठावर विराजमान पाद्रीसाहेब श्री. एव्हर्सोल, आजचे सत्कारमूर्ती, आपले फिडलवाले ओकीकाका थार्प, आणि अग्निशमन दलाच्या या सभागृहातला बंब बाहेर उभा करून आत दाटीवाटीनं बसलेल्या हेमलॉक रन गावच्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो,

ग्रोव्हरभाऊंनी मला दोन मिनिटं दिली होती, त्यातलं एक नावं घेण्यातच गेलं. काय बोलायचं तेही त्यांनी कागदावर लिहून दिलंय. तो कागद घेवड्याच्या पातेल्याखाली आहे, कारण पातेलं डगमगत होतं. तेव्हा मी माझंच बोलते. शाळा मी आठवीत सोडली, पण या नाचाच्या हाका मी सव्वीस वर्षं देतेय. कुणी कुणाचा हात धरायचा, कुणी कुठे वळायचं, हे मी ओरडते आणि तुम्ही ऐकता. आजही ऐका.

आज दुपारी मी स्वयंपाकघरात मक्याचा पाव कापत होते. ओकीकाका मागच्या दारानं आले, पावाचा तुकडा न विचारता उचलला आणि म्हणाले, "ड्रेमा, एक सांग पोरी. आज हे सगळं झाल्यावर मी शनिवारी यायचं, का नाही यायचं?"

मी म्हटलं, "मंडळाला विचारा की."

"विचारलं. ग्रोव्हर म्हणाला, काका, हवा काय मस्त पडलीय."

ग्रोव्हरभाऊ, खाली काय बघताय? म्हणाला होतात ना? वर 'निरोप' असं कापडावर हातभर अक्षरात लिहिलंय आणि ज्याला निरोप द्यायचा त्याला साधं सांगितलेलं नाही. म्हणून मी उभी राहिलेय. याचं उत्तर मिळाल्याशिवाय आज पातेल्याचं झाकण निघणार नाही.

आता सत्कार आहे, तर काकांबद्दल बरं बोललं पाहिजे. काय बोलू? सूर लावायला हा माणूस इतका वेळ घेतो, की तेवढ्यात या सभागृहात दोन लग्नं ठरली आणि एक मोडलं. शहरातले लोक फिडलला व्हायोलिन म्हणतात आणि हनुवटीखाली धरतात. काका छातीवर टेकवतात, म्हणजे हनुवटी बोलायला मोकळी. प्रत्येक चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून आली, त्याला ती कुणाकडून मिळाली, आणि त्या कुणाची गाय कुणाच्या कुंपणात शिरली, इथपर्यंत सगळं ऐकायचं. आम्ही आपले हातात हात धरून उभे. फिडलच्या पोटात विषारी खुळखुळ्या सापाच्या शेपटीचा वाळलेला खुळखुळा टाकलाय, सूर गोड होतो म्हणे. सूर गोड आहे, नाही म्हणत नाही. पण ती फिडल टेबलावरून उचलून द्यायला मला कधी सांगू नका.

आणि त्यांची ती चाल, 'ओल्या लाकडाचा धूर'. तिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी एक ठेका जास्तीचा आहे. कुठून आला, ठाऊक आहे? मला काकांनीच सांगितलंय. त्यांच्या वडलांनी त्यांना ही चाल गोठ्यात शिकवली, गुडघ्याला गुडघा लावून. वडील तंबाखू चघळायचे. बरोबर त्या जागी गज थांबवायचे, वळायचे, डब्यात थुंकायचे आणि पुढे वाजवायचे. सहा वर्षांच्या ओकीला वाटलं, चाल अशीच आहे. पुढे वडलांचे दात गेले, तंबाखू सुटली, ते सरळ वाजवायला लागले. तर हे त्यांना म्हणतात, "बाबा, चुकताय." आणि त्या बिचाऱ्यानं मरेपर्यंत मुलाच्या धाकानं तिथे न थुंकता थांबायचं चालू ठेवलं!

पाद्रीसाहेब, हसा, हसा. तुम्हीही त्याच थुंकीवर नाचलाय.

पण मागच्या महिन्यात काय झालं? काकांना खोकला झाला म्हणून मंडळानं शहरातून तिघांना बोलावलं. भलेमोठे स्पीकर, इस्त्रीचे शर्ट. चांगली माणसं, वाजवतातही छान, मी खोटं बोलणार नाही. त्यांनी हीच चाल कागदावरून वाजवली, अगदी सरळसोट. मी हाक दिली. दुसऱ्या भागाचा शेवट आला आणि बत्तीस माणसं एक पाय हवेत धरून उभी! चाल गेली पुढे. पाय सगळ्यांचे वर, बगळ्यांसारखे. मग सगळे एकदम खाली आले, ज्याच्या त्याच्या बोटांवर. ग्रोव्हरभाऊ मागच्या मागे सफरचंदाच्या मुरंब्यात बसले. शहरातला तो फिडलवाला मला विचारतो, "बाई, यांना कुणी नाचायला शिकवलं?"

मी म्हटलं, "ते घरी खोकत पडलेत."

आता जे कुणी बोलत नाही ते मी बोलते. काका, तुमची करंगळी हिवाळ्यापासून वळत नाही. सगळ्यांना कळलंय. त्या बोटाचे सूर तुम्ही गाळता. पूर्वीपेक्षा हळूही वाजवता. हे खरं आहे, आणि तुमच्या तोंडावर सांगितलेलं बरं. पण आमचे गुडघे काय विशीतले आहेत का? तुम्ही हळू झालात, तेव्हा मी हाका हळू केल्या. कुणी तक्रार केली? गाळलेल्या सुराच्या जागी लोक टाच आपटतात, मी इथे उभी राहून बघते. मग निरोप कसला?

आणि ही भेटवस्तू. झुलती खुर्ची. सुंदर आहे, लाकूड अक्रोडाचं आहे. पण ग्रोव्हरभाऊ, तिला हात आहेत हो! हात असलेल्या खुर्चीत बसून फिडल कशी वाजवायची? कोपर आपटतं. चाळीस वर्षं त्या माणसाला बिनहाताच्या खुर्चीत बघितलंत आणि आणली काय, तर ही. तुमच्या पोटात काय आहे ते खुर्चीच सांगतेय.

काय म्हणता, भाऊ? मोठ्यानं बोला. "काकांना त्रास नको म्हणून"? बरं. मन वाईट नाही तुमचं, माहितेय मला. पण त्रास होतो का, हे काकांना कुणी विचारलं? मी विचारते.

ओकीकाका, तुम्हाला थांबायचंय का?

नुसती मान हलवू नका, तोंडानं सांगा. थांबायचंय का?

ऐकलंत? मागे दाराशी पोचलं नसेल, त्यांचा आवाज बसलाय. मी सांगते, आवाज माझ्याकडे आहे. ते म्हणाले, "नाही पोरी. पण करंगळीनं पुढे दगा दिला, तर हवेबद्दल बोलू नका. सरळ सांगा."

सांगू, काका. मी सांगेन. ग्रोव्हरभाऊ, तुम्ही? ... हं. 'हो' म्हणाले. आता ते कापड उतरवा, आणि स्वयंपाकघरातून माझं बिनहाताचं स्टूल आणा.

मंडळानं बोलायला दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलता बोलता कुणाला टोचलं असेल, मान राखायचा राहिला असेल, तर आपल्या माणसाचं म्हणून पोटात घाला. पातेल्याचं झाकण काढलंय. आधी जेवा, मग खुर्च्या भिंतीला लावा. काका सूर लावायला बसलेत, म्हणजे तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.