तानबाचा उजवा हात

सन्माननीय अध्यक्ष सदाशिवरावजी, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या फिजिओथेरपीच्या कोकिळाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी वडनेरचा रूपराव, किराणा दुकानदार. बाईंचा जुना पेशंट. लकव्यानंतर वर्षभर माझी जीभ 'र'वर अडायची. आज माझं नाव मी तुमच्यासमोर धडपणे घेतलं, इथेच बाईंचं अर्धं कौतुक झालं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात मला लकवा मारला, उजव्या बाजूला. त्याच महिन्यात आमच्याच गावच्या तानबालाही, तोही उजव्याच बाजूला. तानबा माझ्या दुकानात पोती वाहायचा. दवाखान्यात आमची खाटेला खाट लागून होती. डॉक्टरांनी दोघांनाही एकच सांगितलं: व्यायाम सोडू नका, हात उघडेल. माझा उघडला, तानबाची मूठ मिटलेलीच राहिली. गावानं लगेच निकाल दिला: रूपराव जिद्दीचा, तानबा आळशी. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

एकदा हे मी बाईंसमोर बोललो. माझं मनगट फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "भाऊ, जिद्द भरल्या पोटी लवकर येते."

मग मी दुकानदारासारखा हिशेब मांडला. माझ्याकडे मालिशवाला घरी यायचा. सुनेनं संडासात खुर्ची बसवून घेतली होती. पोरगा गाडीनं दवाखान्यात आणायचा. आणि गल्ल्यावर बसायला पाठीत जोर लागत नाही. तानबाकडे त्याची बायको कौशल्याबाई, बस्स. ती दुसऱ्याच्या शेतात निंदणाला गेली नाही तर चूल पेटेना, गेली तर याचा हात कोण हलवणार? एसटीनं इथवर यायचं तर दोघांची तिकिटं, वर तिचा रोज बुडणार. तानबा यायचा बंद झाला. मग बाईच सुटीच्या दिवशी आपल्या लुनावर वडनेरला जायला लागल्या. तोवर हात आखडून गेला होता, आणि बाईंनी त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

खाटेवरच्या माणसाला घरात कोणी काही विचारत नाही, हे आपण सगळे पाहतोच. तानबाच्या पोरीचं, मयुरीचं स्थळसुद्धा चुलत्यानंच ठरवलं. लग्नाच्या मांडवात कन्यादानाची वेळ आली, तेव्हा तो चुलता, म्हणजे तानबाचा धाकटा भाऊ हरिदास, पुढे झाला. म्हणाला, "दादा, तुहा हात उघडत नाई. कन्यादान म्या करतो." भटजींनीही मान डोलावली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता हो. पण तानबा म्हणाला, "पोरगी माही हाये," आणि भर मांडवात रडायला लागला. त्याचं बाप असणं तेवढ्या एका कामापुरतं उरलं होतं, तेही जायची वेळ आली होती.

बाई पाहुण्यांत बसल्या होत्या. त्या उठून भटजींना म्हणाल्या, "महाराज, पूजेत बायको नवऱ्याच्या हाताले हात लावते का नाई?"

"लावते न."

"मंग तो हात खालून लागला तं काय बिघडते?"

भटजी म्हणाले, "काहीच बिघडत नाही."

कौशल्याबाईनं डाव्या हातानं तानबाची मूठ खालून उचलून धरली आणि उजव्या हातानं गडव्यातलं पाणी सोडलं. मिटलेल्या मुठीवरून ते जावयाच्या ओंजळीत पडलं. हरिदासही डोळे पुसत होता. मी तटस्थ माणूस, दुकानदार, पण मला समोरचं काही दिसेना.

तानबाचा हात आजही तसाच आहे. आमच्या दोघांत फरक जिद्दीचा नव्हता, एवढं या सभेत बोलून ठेवतो.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहून राह्यले, तेव्हा आवरतं घेतो. मला बोलायला उभं केलंत, आभारी आहे. शब्द वाकडा गेला असेल तर तो लकव्याच्या माथी मारा. कोणाला काही लागलं असेल तर मात्र मला माफ करा. तानबाचं एक बोलणं सांगून बसतो. लग्न लागल्यावर त्यानं बाईंना जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाई, पोरगी म्याच देल्ली न?"

बाई म्हणाल्या, "तुम्हीच देल्ली, तानबाभाऊ."

नमस्कार.