पित्त उठलं अन् घोंगडी काढली

माहेर माझं शिंदखेड्याकडचं, लग्न होऊन इकडे रावेरकडच्या केळीवाल्या घरात आले, अन् पहिल्याच उन्हाळ्यात अंगावर पित्त उठलं. काय सांगू तुम्हाले, पाठीवर, मांड्यांवर हाताएवढ्या लाल गांधी. सासूनं गेरू कालवून फासला, घोंगडीत गुंडाळलं अन् वरून खसाखसा घासलं. जेवढी खाज सुटंल तेवढं पित्त बाहेर पडतं म्हणे. अन् मी शहाणी काय म्हणाले असंल? आत्याबाई, अजून जोरात घासा. भर उन्हाळ्यात घोंगडीत बसलेली, म्हसोबासारखी लालभडक, अन् वरून खुश. संध्याकाळी गांधी बसल्या. त्या आपल्याआपणच बसतात, पण नाव झालं घोंगडीचं.

आता यंदाचं ऐका. नातसून पूजा, दाढ ठणकते म्हणून दुकानातून कसलीशी गोळी आणून खाल्ली, अन् घटकाभरात बठ्ठं अंग गांधींनी भरलं. माझा लेक, कॉलेजात शिकवतो बरं का, पेटीतून तीच घोंगडी घेऊन आला. म्हणे आई, तूच तर सांगते गुण येतो. अरे, तुझी आई येडी व्हती, एवढंबी कळू नये तुले? सूनबाई तिकडे गेरू कालवते, अन् इकडे पोरीचा ओठ सुजून वर आलेला, आवाज घोगरा, गळ्याले हात लावून खुणा करते, तिकडे कोणाचं लक्षच नाही. माझं डोकं असं फिरलं, घोंगडी हिसकून अंगणात फेकली. म्हटलं गाडी काढ, नाहीतर मी पोरीले घेऊन पायी निघते. रस्ताभर हा पुटपुटतो, गांधीनं कोणी मरत नाही.

दवाखान्यात लगेच सुई टोचली, नळी लावली. पोरीचा श्वास मोकळा झाला तशी डॉक्टरीणबाई लेकाकडे वळली. नुसत्या गांधी असल्या तर गार ओलं फडकं ठेवा, सैल सुती कपडे घाला, आम्ही देऊ ती गोळी द्या, घासू नका, ऊब देऊ नका. पण ओठ, जीभ सुजली, दम लागला, तर घरी थांबायचं नाही. अजून थोडा उशीर केला असता तर पोर हाती लागली नसती.

प्राध्यापक चिठ्ठी घेऊन औषधं आणाले पळाले.

पूजा आता बरी शे. ती गोळी जन्मात घ्यायची नाही, दुसऱ्या डॉक्टरलेबी आधी सांगायचं, हे तिले पाठ. माझा राग मात्र अजून उतरला नाही. माझ्या हाताले गुण शे असं मानून गल्लीतल्या बाया अजून येतात, अक्का, अंगावर हात फिरवा, पित्त उठलं. फिरवते. सुखी राहा म्हणते. पण बायांनो, ओठ सुजला तर माझ्या पाया पडत बसू नका, दवाखाना गाठा.