लेन उघडताना झालेल्या मृत्यूबाबत

जबाब देणार: कामावर ‘मिशा’ या नावाने ओळखला जाणारा, वय ४२, धंदा रोलर चालक, राहणार रस्ता कंपनीचा कामगार तळ.

मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, हमरस्ता सरकारी असला तरी त्याची पंधरा वर्षांची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे. तपासणीत खड्डा किंवा बंद लेन आढळली की कंपनीचे पैसे कापतात. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावजी, तेथेच झेंडा दाखवण्याचे काम करीत.

आज दुपारी वळणाजवळ खड्ड्यात डांबर भरून मी रोलर फिरवीत होतो. लेन बंद करण्यासाठी प्लास्टिकचे नारिंगी कोन लावलेले होते. सुपरवायझर जीपने आले व म्हणाले, “तपासणीची गाडी निघालीय. कोन उचला, लेन उघडा.”

भावजी म्हणाले, “साहेब, डांबर अजून मऊ आहे. एखादा दुचाकीवाला घसरेल.”

“मग झेंडा घेऊन तू उभा राहा.”

भावजी माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, “घ्या, आता मीच कोन.”

कोन जीपमध्ये भरले. मी रोलर मागे घेत होतो. रोलरच्या आवाजात मला काही ऐकू आले नाही. वळून पाहिले तेव्हा टँकर आडवा थांबलेला होता. भावजी टँकरच्या पुढे पडलेले होते. टँकरवाला पळाला नाही. तो भावजींचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. सुपरवायझरनी जीपमधून कोन काढून वळणापर्यंत पुन्हा लावून घेतले. नंतर आलेल्या पोलिसांना दिसले ते हेच कोन. अपघाताच्या वेळी तेथे एकही नव्हता.

दवाखान्यात सुपरवायझर म्हणाले, “कोन होते एवढंच सांग. बहिणीला ऑफिसात चिकटवून घेतो.” बहीण जवळच होती. ती मला म्हणाली, “दादा, हो म्हण. गेलेलं माणूस काय परत येणार आहे?” बिडी ओढून येतो असे सांगून मी इकडे चौकीत आलो. ती अजून दवाखान्यातच बसलेली आहे.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ‘भावजी’ या जागी ‘मयत’ लिहावे असे हवालदार साहेबांनी सुचवले. ‘भावजी’च राहू द्यावे अशी मी विनंती केली.