मागच्या दाराची गोष्ट

लस्मिनी : ...आणि आमंत्रण कुणाला, तर माझ्याच विहीणबाईंना! अजून माझ्या लेकीचं, किनासीचं लग्न लागायचंय, त्याआधीच तिची मावशी झोळी घेऊन दारात.

वेनिंग : झोळी काय म्हणतेस, म्बाक? मोठी बहीण ना तू! संस्थेचं वार्षिक जेवण आहे. सुराबायातले सगळे कारखानदार येतायत, आणि तुझ्या विहीणबाईंचा, बू हर्तिनींचा, तर पापडांचा केवढा कारखाना! भुकेल्यांसाठी देणग्या आणायच्या, चार लोकांना आमचं काम सांगायचं, याचाच पगार मिळतो मला.

लस्मिनी : येऊ देत की. जेवू देत, देऊ देत. फक्त आज ती गोष्ट नको.

वेनिंग : कुठली?

लस्मिनी : साळसूदपणा पुरे. मागच्या दाराची.

वेनिंग : मग भाषणात उरतं काय? आकडे? आकडे सांगितले की लोक माना डोलावतात आणि रावोनचा रस्सा ओरपत राहतात. ती गोष्ट सुरू केली की चमचे खाली ठेवतात. बंदराकडची आमची दोन स्वयंपाकघरं तिच्यावर चालतात, म्बाक. यंदा कमी पडलं तर एक बंद करावं लागेल.

लस्मिनी : आणि माझ्या किनासीला त्या घरात नांदायचंय, त्याचं काय? उद्या सासू म्हणायची, हिची आई लोकांच्या लग्नात उष्टं मागत फिरायची.

वेनिंग : उष्टं नव्हे, उरलेलं. आणि तुझं नाव कुठे घेते मी? माझंच सांगते. लग्नघराच्या मागच्या दारी, हातात केळीचं पान घेऊन मी उभी...

लस्मिनी : तू?

वेनिंग : म्हणजे... आपण.

लस्मिनी : तू दीड वर्षाची होतीस. आईच्या ओढणीत बांधलेली, माझ्या कडेवर गाढ झोपलेली. पान माझ्या हातात होतं.

वेनिंग : पण मला आठवतं गं. गरम भाताचा वास, पानातून बसलेला चटका...

लस्मिनी : आठवतं, कारण मी सांगितलंय. तुला झोप येत नसे तेव्हा. आणि भाषणात तो कोंबडीचा तुकडा तू कुठून आणलास? कोंबडी नव्हतीच. नुसता नारळाचा रस्सा. त्या लग्नघरची आचारीणही काही देवमाणूस नव्हती. आधी माझ्याकडून पातेली घासून घेतली, मग वाढलं.

वेनिंग : हे कधी बोलली नाहीस.

लस्मिनी : पोर निजवताना पातेल्यांचं कोण सांगतं?

वेनिंग : तू काय खाल्लंस मग?

लस्मिनी : तुला भरवलं. आई इस्त्रीच्या कामावरून दमून यायची, तिला झाकून ठेवलं.

वेनिंग : तू काय खाल्लंस, विचारलं.

लस्मिनी : पातेली घासली म्हटलं ना. तळाला खरवड असते.

वेनिंग : ...आणि मी हे माझं म्हणून सांगत फिरले. तू समोर बसून ऐकलंस!

लस्मिनी : दोनदा. टाळ्याही वाजवल्या. म्हटलं, हिच्या कामाला येतंय तर येऊ दे. पण आज शेजारी विहीणबाई असणार.

वेनिंग : नाही सांगणार.

लस्मिनी : मग बोलशील काय?

वेनिंग : उभी राहिले की सुचेल काहीतरी. तू ये मात्र.

(त्याच संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर, सभागृहाच्या पायऱ्यांवर.)

लस्मिनी : जमले का पैसे?

वेनिंग : गेल्या खेपेपेक्षा कमीच. दोन्ही स्वयंपाकघरं ईदपर्यंत तरी तगतील. पुढे दारोदार फिरेन, पायांना सवय आहे.

लस्मिनी : फारच थोडं बोललीस.

वेनिंग : माझं होतं तेवढंच बोलले. बाप बोटीवर गेला तो गेलाच, आई दिवसभर कामावर, तरी मला भुकेची आठवण नाही. कारण कुणीतरी मला आधी भरवायचं. झालं.

लस्मिनी : नाव नाही घेतलंस.

वेनिंग : कबूल केलं होतं तुला.

लस्मिनी : विहीणबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आई कामावर होती, तर मग हिला भरवलं कोणी हो?

वेनिंग : अगं बाई! काय सांगितलंस?

लस्मिनी : म्हटलं, मी. मग मागच्या दाराचंही सांगून टाकलं. पातेल्यांसकट.

वेनिंग : म्बाक! काय म्हणाल्या त्या?

लस्मिनी : मधल्या थाळीतला माशाचा मोठा तुकडा उचलून माझ्या ताटात ठेवला.

वेनिंग : खाल्लास?

लस्मिनी : आधी सवयीनं तू कुठे आहेस ते पाहिलं. तू पाहुण्यांच्या गराड्यात होतीस. मग खाल्ला. सगळा.