रावजीचं खाकरणं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा — माणूस सुधारला, हे ठरवायचं कुणी? त्यानं स्वतः? त्याच्या गळ्यात माळ घालणाऱ्या गुरूनं? का त्याच्या गोठ्यातल्या म्हशीनं? हसू नका! आज म्हशीलाच साक्षीला आणलंय मी.

ऐका. पंचगंगेकाठी एका गावात रावजी चौगले नावाचा गृहस्थ. साठी ओलांडलेली, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर! आता आपल्याकडं एक जुनी रीत आहे — घरात लेकीसुना असतात, म्हणून मोठ्या माणसानं उंबऱ्याबाहेर खाकरावं, मग आत यावं. चांगली रीत! रावजीनं ती चाळीस वर्षं पाळली. "अंऽहं!" — खाकरायचा आणि आत यायचा. पण आत आला की काय? भाकरी गार का? चप्पल मधी कुणी ठेवली? — फेक तांब्या! गोठ्यात गेला की मोरी म्हशीच्या पाठीत काठी! आधी खाकरणं, मागनं वादळ. रोज आधी खाकरणं, मागनं वादळ!

तुम्ही म्हणाल, बुवा, नुसत्या खाकरण्यात काय वाईट? काही नाही! घशाचा आवाज तो. पण मी आता एकच शब्द उच्चारतो — चिंच! सुटलं का नाही तोंडाला पाणी? अहो, चिंच आहे कुठं इथं? परदेशात एका शास्त्रज्ञानं कुत्र्याला रोज आधी आवाज ऐकवला, मग खायला घातलं. पुढं खाणं नसलं तरी नुसत्या आवाजानं कुत्र्याची लाळ गळायला लागली! कुत्र्याचं सोडा — आरतीची घंटा वाजली की मागच्या खांबाजवळचे काही हात आपोआप प्रसादाला पुढं होतात, मला इथनं दिसतं बरं! दोन गोष्टी एकीमागं एक येत राहिल्या की आपलं अंग त्यांची गाठ मारतं. तुम्हाला विचारत नाही!

तशी गाठ रावजीच्या घरात बसली. खाकरणं ऐकलं की बायको इंदुबाई बोलता बोलता गप्प. सून शीतल भिंतीला चिकटलेली. आणि चार वर्षांची नात ईश्वरी? धान्याच्या कणगीमागं! शेजारचा म्हातारा बिचारा दम्यानं खाकरायचा, तरी पोरगी कणगीमागं!

शेवटी एक दिवस शीतल सासऱ्याला म्हणाली, "मामा, रागावू नका. पोरगी झोपेतनं दचकून उठतीया. शाळा सुरू व्हायच्या आत मी तिला म्हायेरी नेते. तिथंच शाळेत घालते."

नात म्हणजे त्याचा जीव की प्राण! त्याच आठवड्यात त्यानं माळ घातली, राग सोडला. खरंच सोडला हो! महिनाभर आवाज चढवला नाही, काठी अडगळीत टाकली. आणि घर? होतं तसंच! तो खाकरला की सगळं चिडीचूप. रावजीला बसवेना. अंगणात नुसत्या येरझाऱ्या! "मी आता कुणाला काय बोलतोय का? मग ही पोरगी पळतीया का?"

त्यात मोरीनं दूध चोरायला, म्हणजे कासेतच अडवून धरायला सुरुवात केली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. "आबा, तुम्ही जरा बाहेर थांबा." बाईंनी बादली खडखडवली. बादली वाजली की आंबोण, म्हणजे भिजवलेलं पेंड-भुसा येतं, हे मोरीला ठाऊक — कास भरून आली, धार लागली! "आता या आत." रावजी दाराशी आला आणि सवयीनं — अंऽहं! धार बंद!

"म्हैस ठणठणीत आहे, आबा. बादलीनं हिला आंबोण आठवतं आणि तुमच्या खाकरण्यानं काठी."

"पण बाई, काठी टाकून महिना झाला की!"

"हे हिला कुणी सांगितलं?"

रावजीनं ठरवलं — खाकरणंच बंद! दुसऱ्या दिवशी मांजराच्या पावलानं स्वयंपाकघरात शिरला. शीतल वळली, मागं सासरा उभा! "आई गं!" — आमटीचं पातेलं खाली, ऊन आमटी पायावर! आणि मंडळी, गंमत बघा, आता घर सारा दिवसच भ्यायला लागलं. सगळ्यांचं लक्ष दाराकडं. इंदुबाईनं हात जोडले, "अवं, खाकरा बाबा तुम्ही! निदान कवा भ्यायचं ते तरी कळतंय!"

काय वाटलं असेल हो त्या माणसाला! पण तेव्हाच त्याला वाट दिसली. खाकरायचं — पण मागनं वादळ आणायचं नाही, काहीतरी गोड आणायचं! मोरीला पेंडीचा मुटका. पोरीसाठी उंबऱ्यावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे आणि लांब जाऊन बसायचं. पहिले आठ दिवस गुळाला मुंग्या लागल्या. मग कणगीमागनं एक डोळा दिसला. मग एक हात आला, गूळ घेऊन पळाला! रावजी अंगणात एकटाच हसला.

आणि विसाव्या दिवशी मोरीनं भरली बादली लाथाडली. "एऽऽ!" — एकच आरोळी! झालं! सकाळी खाकरला तर पोरगी कणगीमागं, मोरीचं दूध परत अडलेलं! वीस दिवस पाण्यात! रावजी गोठ्यातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसले, गुळाचा डबा काढला. पुन्हा पहिल्यापासनं!

शाळेला दोन दिवस उरले. शीतलची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. रावजी उंबऱ्याबाहेर खाकरला — आणि ईश्वरी धावत आली! हात पुढं केलेला! रावजीनं खिसा चाचपला. गूळ नाही! तो उंबऱ्यावरच टेकला. "आज... विसरलो गं बाय." पोरीनं खिसा स्वतः चाचपून बघितला. मग खुशाल मांडीवर चढून बसली! शीतलनं पिशवीतले कपडे परत फळीवर ठेवले.

टाळ्या नकोत! गोष्ट संपलेली नाही अजून.

रावजी हरखून स्वयंपाकघराकडं गेला — अंऽहं! इंदुबाई पीठ मळत होती. तिचा हात परातीत थांबला. रावजी शेजारी बसला. "अगं, आता तरी?"

इंदुबाई हसली. मनापासनं हसली हो! "मला ठावं हाय, तुम्ही बदललाय. पर ह्या हाताला अजून न्हाई ठावं. चाळीस वर्सं लागली त्येला शिकायला. इसरायला तेवढी हायती का आपल्याजवळ?"

रावजीनं परात आपल्याकडं ओढली आणि पीठ मळायला घेतलं. वर्षांचा हिशेब तुम्हीच करा, मंडळी.

आता तुम्ही घरी जाल. कुणाची गाडी अंगणात थांबेल, कुणाची कडी वाजेल. त्या आवाजानं आत कुणी पळत येतं, का बोलता बोलता कुणी गप्प होतं? दारात क्षणभर थांबून ऐका. गप्प होतं हे आत्ताच ठाऊक असेल, तर माझ्या पाया पडायला आज रांग लावू नका. आधी त्या माणसाजवळ जा, वेळ थोडा आहे. घ्या नाव विठ्ठलाचं — पण हळू आवाजात घ्या.