चमचा पडतो तिथे आवाज

फोटो काढायला स्टुडिओत थांबले होते. पुढच्या नवरा-बायकोने स्टुडिओवाल्या दादांना एक व्हिडिओ दाखवला आणि माझे कान आपोआप टवकारले!

"दादा, आमच्या छकुलीची पहिली हाक आहे ही. पण चित्र पुढे जातं आणि आवाज मागून येतो."

"यात काही पडताना दिसतं का, ताई?"

"चमचा पडतो की!"

"मग झालंच! चमचा पडतो तिथे खणकन आवाज आणून बसवतो."

"बघा हं, माझ्याकडे बघून 'आई' म्हणते!"

"अगं, सगळ्या जगाला सांगून झालंय तुझं."

"बसला आवाज. बघा आता."

"अय्या! ही तर तुझ्याकडे बघतेय!"

"म्हणजे मला 'आई' म्हणाली?"

"दादा, होतं तसंच करून द्या ना."

"हात लावू नका, दादा! आधी माझ्या आईला पाठवतो."