मुलीचा भाऊ कुठाय?

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. पोर स्वतःच्याच प्रेमात पडतं ते कशानं? तुम्ही म्हणणार — एकुलतं असलं की! पहिल्या रांगेतल्या आजी तर मान डोलवून मोकळ्यासुद्धा झाल्या. थांबा आजी! आधी मिरजेला एका लग्नाला जाऊन येऊ. जेवण नाही, नुसतं आख्यान!

नवरी मैथिली. एकुलती. लहानपणी ल्युडो खेळायची — चारी रंगांच्या सोंगट्या स्वतःच हलवायची. जिंकली तरी सांगायचं कोणाला? हरलेलीही तीच!

होणाऱ्या सासूबाई, कुमुदताई, बैठकीतच म्हणाल्या, "एकुलती आहे. वाटून घ्यायची सवय नसणार. बघू बाई!"

आणि नवरदेव ओजस? त्याला धाकटा भाऊ, हेरंब. म्हणजे वाटून घ्यायची सवय असणारच! होती ना — ओजस बोलायचा, हेरंब ऐकायचा. वाटणी चोख! ओजसचा वाढदिवस, ओजसचा निकाल, ओजसची नवी गाडी... फोटो काढणारा हेरंब. म्हणून घरातल्या एकाही फोटोत हेरंब नाही.

तर होम पेटला. गुरुजी म्हणाले, "मुलीचा भाऊ कुठाय? नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्यात, मग नवरदेवाचा कान पिळायचाय."

मैथिलीचे वडील कसनुसे उभे राहिले. "मावसभाऊ निघाला होता... गाडी चुकली त्याची."

ओजस म्हणाला, "मग राहू दे की! कान लाल झाला तर फोटोत दिसतो." आणि हसला. एकटाच!

कुमुदताई पुटपुटल्या, "एकुलती केली की हे असं."

चारशे माणसं, मंडळी! आणि मधोमध एक रिकामी ओंजळ. पण मैथिलीनं हात मागे घेतले नाहीत. म्हणाली, "थोडं थांबू या, गुरुजी. येईल कोणीतरी."

कोण येणार होतं? तिला तरी कुठं ठाऊक!

हेरंबनं कॅमेरा खुर्चीवर ठेवला. "मी घालतो लाह्या."

"गाढवा!" ओजस भडकला. "तू माझा भाऊ ना?"

"हो, दादा? सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा भाऊ म्हणालास."

हेरंबनं ओंजळ भरली. हळूहळू — एक लाही सांडू दिली नाही. मग कान पिळला... तो इतका, की गुरुजींना "पुरे!" म्हणावं लागलं.

मैथिलीनं हळूच विचारलं, "हेरंब, सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

असं त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं हो!

ओजस सुधारला का? मला विचारू नका. मी लग्नाला गेलो होतो, संसाराला नाही.

आता, आजी, एकुलत्यांना जरा सोडा. भावंडं असलेल्यांनी हात वर करा. एवढे? वा! मग सांगा — तुमचा भाऊ तुमच्याशी शेवटचं काय बोलला?

...कोणीच नाही? पेटीवाले, तुम्ही?

बरं. घरी जाऊन त्याला फोन लावा. स्वतःचं काही सांगू नका. "कसा आहेस?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पलीकडून बराच वेळ आवाज येणार नाही. विश्वास बसायला वेळ लागतो माणसाला.

फोन ठेवू नका.